बापूकाकांची टाळी

आमच्या शेजारचे बापूकाका दुसऱ्यांच्या मुलांच्या बक्षीस समारंभांना जातात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. त्या शाळेत त्यांचा मुलगा नसतो, पुतण्या नसतो, भाची नसते. ते जातात, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरून बसतात, प्रत्येक मुलासाठी टाळी वाजवतात आणि घरी येतात. चहा घेत नाहीत. समोर आला तरी घेत नाहीत.

"टाळी वाजवायला गेलेला माणूस चहा पिऊन आला, की टाळीची किंमत चहाएवढी होते," असं त्यांचं म्हणणं.

आणि टाळी म्हणजे काय टाळी! आपण वाजवतो ती टाळी नव्हे. काकांची टाळी फुटाणा फुटल्यासारखी निघते आणि भिंतीला लागून परत येते. हजार माणसांत ती ओळखू येईल. आमच्या गॅलरीत त्यांनी एकदा वाजवून दाखवली, तर पत्र्यावरची कबुतरं उडाली ती संध्याकाळी परत आली.

काकांनी सिटी बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केली. आता सत्तरी उलटून गेलीय. शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या आणि त्यांची एक खोली एकाच गॅलरीत आहेत. मधे एक भिंत आणि एक समाईक नळ. लग्न केलं नाही. का नाही केलं म्हणून खालच्या मजल्यावरच्या परांजप्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रूट लांबचा मिळाला."

नोकरी सुटली, पण बस काही तोंडातून उतरली नाही. काम झालं की काका "डबल बेल!" म्हणतात. नळाला पाणी आलं, डबल बेल. गॅस सिलिंडर वर चढवला, डबल बेल. आणि कोणाचं काही बिनसलं, कोणी रडायला लागलं, कोणी नापास झालं, की त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "पुढे जागा आहे. सरका पुढे." भरलेल्या बसमध्ये तीस वर्षं ते हेच सांगत आले आणि त्यांच्या मते ते कधीही खोटं ठरलं नाही. जागा असतेच. लोक दारात उभे राहतात म्हणून दिसत नाही.

काकांच्या वर्षात दोन हंगाम असतात. एक दहावी-बारावीचे निकाल लागले की गुणगौरवाचा, आणि दुसरा थंडीतला, स्नेहसंमेलनांचा. हंगाम जवळ आला की सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि पेठांमधल्या शाळांच्या फाटकावरचे फळे वाचत सुटतात. कुठे, कधी, किती वाजता, सगळं डोक्यात. लिहून काही ठेवत नाहीत.

हंगामात हातांची फार काळजी. सकाळी कोमट पाण्यात बुडवायचे, मग खोबरेल. मिरची चिरायची नाही, जड पिशवी उचलायची नाही. धुणंसुद्धा पिळत नाहीत. कपडे बादलीतून काढून तसेच गळते दोरीवर टाकतात आणि ते सगळं पाणी बरोबर परांजप्यांच्या सायकलच्या सीटवर पडतं. परांजपे खालून विचारतात, "बापूराव, वर पाऊस सुरू आहे का?"

"नाही, हंगाम सुरू आहे," काका वरून सांगतात.

"मग आम्ही पेरणी करून घ्यावी म्हणतो."

मी सदाशिव पेठेतल्या एका मेसला पोळ्या करून देते. दुपारी मी लाटत असते, दार उघडं असतं, आणि काका उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून मला टाळीचं शास्त्र सांगतात. मी फारसं बोलत नाही. मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घसा सुकतो. पण काकांना ऐकणारं माणूस लागतं आणि मला पोळ्या करताना आवाज लागतो, त्यामुळे आमचं जमतं.

"पाहुण्यांना टाळी दोन बोटांची," ते सांगायचे. "त्यांना सवय असते, जास्त दिली की जास्त बोलतात. पहिल्या नंबराला साधी. त्याला सगळं गाव वाजवतं. खरी ताकद राखायची उत्तेजनार्थसाठी. ते पोर आधीच खाली मान घालून येतं. आणि शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस आलं, तर उभं राहून वाजवायची."

"उभं राहून? का हो?"

"अहो ताई, बुद्धी देवाने दिलेली असते. रोज सकाळी उठून शाळेत पोरगं स्वतः जातं."

नाव पुकारलं आणि मूल आलेलंच नसलं, तर निवेदक पटकन पुढचं नाव घेतात. काकांना हे अजिबात खपत नाही. ते न आलेल्या मुलालाही टाळी वाजवतात. सगळा हॉल गप्प आणि एकटे काका वाजवतायत. लोक वळून बघतात. काका त्यांना सांगतात, "पोर गैरहजर आहे. मेहनत गैरहजर नव्हती."

हे सगळं सुरू कसं झालं ते मी एकदा विचारलं. मला वाटलं काहीतरी मोठी गोष्ट निघेल. तसलं काही नाही. ड्यूटी संपली होती, जून लागला तरी ऊन मे महिन्याचं होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये पंखे दिसले म्हणून ते आत जाऊन बसले. कुठल्याशा मुलीचं नाव घेतलं. लोक तेव्हा आपसात बोलत होते. काकांना वाटलं, आपण पंख्याची हवा फुकट खातोय, निदान एक टाळी तरी द्यावी. म्हणून वाजवली. ती मुलगी स्टेजवरून उतरता उतरता थांबली आणि कोणी वाजवली ते शोधायला लागली.

"मग?"

"मग काय? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शाळेत गेलो. पंखे नव्हते तरी गेलो."

कधी फजितीही होते. सदाशिव पेठेत एका हॉलबाहेर चपला दिसल्या, आतून आवाज आला, "सरांनी हजारो विद्यार्थी घडवले." काका आत. स्टेजवर हार घातलेला फोटो होता. काकांना वाटलं संस्थापक असतील. वक्ता म्हणाला, "सरांचा एकही विद्यार्थी गणितात नापास झाला नाही." काकांनी दिली ठेवून. पोटातून आलेली. हॉलमध्ये एकदम सन्नाटा. ती शोकसभा होती. शेजारच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "आपण नातेवाईक?" काका म्हणाले, "नाही." "विद्यार्थी?" "नाही." "मग आपल्याला एवढा आनंद कशाचा झाला, ते कळेल का?" काका म्हणाले, "एकही नापास नाही म्हणाले ना, म्हणून."

बाहेर पडताना त्या सरांची मुलगी दारापर्यंत आली. काकांना वाटलं आता बोलणी बसणार. तर ती म्हणाली, "आज दोन तास सगळे बाबांबद्दल बोलतायत. टाळी तुम्हीच वाजवलीत." काका ही गोष्ट सांगतात तेव्हा हसू आवरत नाहीत, पण हे शेवटचं वाक्य हळू सांगतात.

माझी मुलगी स्वाती. तिचे वडील ती चौथीत असताना गेले. दहावीचं वर्ष लागलं आणि तिचं एक सुरू झालं. ती म्हणायची, गणित नुसतं सोडवून राहत नाही, कोणाला तरी समजावून सांगितलं की राहतं. मला सांगायला बघितलं. मी चौथी शिकलेली, भागाकारापर्यंत माझी मजल. माझा चेहरा बघूनच तिचा उत्साह जायचा. मग तिने काकांना धरलं.

रोज संध्याकाळी सहा वाजता काका स्टुलावर विद्यार्थी आणि स्वाती जमिनीवर वही घेऊन मास्तरीण. काका सातवी शिकलेले. बीजगणित त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. पण प्रश्न विचारायचे, आणि ते सगळे बसमधले.

"हे बघ, हा क्ष कुठे चढला आणि कुठे उतरणार, तेवढं मला सांग."

"काका, क्ष म्हणजे माहीत नसलेली संख्या."

"म्हणजे अनोळखी प्रवासी. ठीक. मग तो या बाजूचा त्या बाजूला गेला, तर चिन्ह का बदलतं? माणूस खिडकीपासून उठून दारापाशी गेला म्हणून काय त्याची बाई होते?"

स्वाती हसून हसून आडवी व्हायची. पण मग तिला ते खरंच समजावून सांगावं लागायचं. दोन्ही बाजूंना सारखंच वजन ठेवायचं असतं, हे तिने माझा तराजू आणि कणकेचे गोळे घेऊन सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, "आत्ता बस स्टॉपला लागली." आणि त्या दिवशी, खरं सांगते, मलाही ते कळलं.

निकाल दुपारी एक वाजता मोबाईलवर लागणार होता. मी पोळ्यांना सुट्टी दिली होती. परांजपे आपणहून वर आले, पायात चप्पल न घालता, म्हणजे त्यांनाही धीर नव्हता. एक वाजला. मोबाईलवर ते गोल गोल फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. एक दहा. एक पंधरा.

"बोर्डाचे लोक जेवायला गेले असतील," परांजपे म्हणाले. "एक ते चार."

आणि मग आलं. स्वाती किंचाळली. गणितात शंभरातले अठ्ठ्याण्णव! माझ्या हातातलं भांडं कुठे गेलं मला कळलं नाही. परांजपे म्हणाले, "दोन कुठे गेले?" आणि असं म्हणता म्हणता त्यांनीच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडकीत आल्या. सगळे वाजवतायत.

फक्त काका नाही. काका दोन्ही हात काखेत घट्ट दाबून भिंतीला टेकून उभे. चेहरा लालबुंद.

"काका, अहो वाजवा ना!" स्वाती ओरडली.

"नाही," काका म्हणाले. "ही उष्टी करायची नाही. समारंभ असेल ना शाळेत? तिथे. नाव पुकारलं की."

"अहो पण तोपर्यंत हात असेच ठेवणार का?" परांजप्यांनी विचारलं.

"ठेवीन."

आता यात अडचण होती, आणि ती काका बोलत नव्हते तरी आम्हाला सगळ्यांना माहीत होती. गेल्या दोन हंगामांत काकांच्या खुर्च्या कमी होत चालल्या होत्या. शाळाशाळांतून पास निघाले. फाटकावर वॉचमन, त्याच्या हातात यादी. "पाल्याचं नाव?" असं विचारतात. काकांना खोटं बोलता येत नाही. एका ठिकाणी ते म्हणाले, "सगळेच." वॉचमन म्हणाला, "मग सगळ्यांचे पास दाखवा." त्या दिवशी काकांनी कंपाउंडच्या भिंतीबाहेर उभं राहून लाउडस्पीकरवर नावं ऐकली आणि तिथूनच टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं म्हातारा डास मारतोय. घरी आले ते स्टुलावर न बसता सरळ खोलीत गेले. त्या थंडीत ते फक्त एका समारंभाला आत जाऊ शकले.

म्हणजे ही सांभाळून ठेवलेली टाळी वाजायची, तर काका हॉलमध्ये असायला हवे होते.

शाळेचं पत्र आलं. स्वाती गणितात शाळेत पहिली! शनिवारी सकाळी दहा वाजता गुणगौरव. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन पास. आणि खाली एक ओळ, नव्या मोठ्या बाईंनी सुरू केलेली प्रथा: बक्षीस घ्यायला विद्यार्थ्यासोबत पालकानेही स्टेजवर यायचं.

ती ओळ स्वातीने वाचली आणि मी म्हटलं, पुन्हा वाच. स्टेज? मी? शाळेत पालकसभेला मी शेवटच्या बाकावर बसते आणि सगळे गेल्यावर उठते.

पासासाठी एक कागद भरून द्यायचा होता. नाव आणि विद्यार्थ्याशी नातं. माझ्यापुढे स्वातीने "आई" लिहिलं. दुसऱ्या ओळीत काकांचं नाव लिहिलं आणि पुढे "आजोबा" लिहायला लागली.

काका स्टुलावरून उठले. "थांब. खोडून टाक."

"काका, सगळे असंच लिहितात."

"असतील. विनातिकीट प्रवास मी कोणाला करू दिला नाही, आता स्वतः करू? आहे ते लिही. शेजारी."

"शेजाऱ्याला पास देत नाहीत!"

"मग नाही देणार."

स्वातीने रागारागाने "शेजारी" लिहिलं. अक्षर इतकं दाबून काढलं की कागद फाटायचा. पण शाळेच्या क्लार्कने बहुतेक वाचलंच नाही, कारण तिसऱ्या दिवशी दोन पास आले. गुलाबी रंगाचे, शिक्का मारलेले! काकांनी आपला पास आधी उजेडात धरून बघितला, मग शर्टाच्या खिशात ठेवला, मग काढून परत बघितला. सगळ्या बिल्डिंगला दाखवून झाला. परांजपे म्हणाले, "पास झाला, छान. आता बस येईल तेव्हा खरी."

आणि मग माझी तालीम सुरू झाली. काका म्हणाले, स्टेजचं मी बघतो, मी हजार वेळा बघितलंय लोक कसे पडतात ते. गॅलरीत दोन पाट एकावर एक ठेवून पायरी केली. काका पाहुणे झाले आणि माझं ताट हातात घेऊन उभे राहिले. ते प्रमाणपत्र.

"पायरीकडे बघू नका. पायरी आपली आपण जागेवर असते. समोर बघा. उजव्या हाताने घ्यायचं. फोटोवाला 'थांबा' म्हणाला की थांबायचं, नाही म्हणाला तरी थांबायचं. तुमचा हक्क आहे."

मी पाटावरून दोनदा पाय चुकवला. तिसऱ्यांदा ताट खाली पडलं आणि परांजप्यांनी खालून विचारलं, "ग्रहण सुटलं का?" मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "काका, मला नाही जमणार. तिथे सगळे शिकलेले पालक असतील. मी चौथी."

काकांनी ताट उचललं. पुसलं. "चौथी म्हणजे चार वेळा पास झालात ना?"

"हो."

"तेव्हा कोणी वाजवली होती?"

आमच्या घरी चौथी झाली तेव्हा दप्तर धुऊन माळ्यावर टाकलं होतं, एवढंच मला आठवतं. काकांनी ताट बाजूला ठेवलं आणि मला टाळ्या वाजवल्या. मोजून चार. प्रत्येक टाळीच्या मधे थोडं थांबले, जसं दरवर्षीचा निकाल वेगळा लागावा तसं. मग म्हणाले, "चला, उठा. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय."

चौथ्या खेपेला मी पाट चढले.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं चालत निघालो. काकांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दोन्ही तळहात हातरुमालात गुंडाळून घेतले होते. वाटेत ओळखीच्या एकाने हात मिळवायला पुढे केला तर यांनी कोपर पुढे केलं. स्वाती हसत होती, चालत कुठे होती, उड्याच मारत होती.

फाटकावर गर्दी. टेबलामागे एक तरुण सर यादी घेऊन बसलेले. स्वातीला आत सोडलं, तिला मुलांच्या रांगेत जायचं होतं. माझं नाव सापडलं. काकांच्या नावावर सरांचं बोट थांबलं.

"शेजारी?" त्यांनी वर बघितलं. "सॉरी हं. फक्त पालक किंवा नातेवाईक. हा पास चुकून गेलाय."

मला वाटलं काका काहीतरी बोलतील. तीस वर्षं लोकांशी भांडलेला माणूस. पण काकांनी एक हात रुमालातून सोडवून खिशातून पास काढला आणि अदबीने टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे सर. यादी म्हणजे यादी. मीही हेच केलं असतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जा ताई. मी भिंतीपाशी थांबतो. स्पीकर आहे, ऐकू येईल सगळं."

ते वळले. सुटलेला हात परत रुमालात गुंडाळत होते.

मागून लोक ढकलत होते. तोंडातून शब्द कसे निघाले, मला आजही कळत नाही.

"सर," मी म्हणाले, "माझी मुलगी गणितात पहिली आलीय."

"हो, अभिनंदन. पण..."

"ते गणित तिने वर्षभर यांच्यापुढे बसून केलंय. मला त्यातलं काही कळत नाही. हे बाहेर थांबणार असतील, तर मीही बाहेर थांबते. पत्रात लिहिलंय पालक स्टेजवर पाहिजे. तुम्हीच जा तिच्याबरोबर."

सर परत यादी चाळायला लागले. मागच्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो, सोडा की त्यांना! का पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला सोडणार आहात?" लोक हसले. सरांचे कान लाल झाले. त्यांनी पास उचलला, पेन घेतलं, "शेजारी"समोर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "जा आजोबा."

काका आत आले. माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, "डबल बेल, ताई."

हॉलमध्ये काकांनी मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची धरली आणि पाच मिनिटांत ती रांग ताब्यात घेतली. पुढच्या माणसाने मोबाईल वर धरला तर म्हणाले, "साहेब, ते खाली. एका हाताने टाळी वाजत नाही." पाहुण्यांचं भाषण लांबलं, त्यांना दोन बोटांची मिळाली. चित्रकलेत उत्तेजनार्थ मिळालेल्या एका बारक्या मुलीला त्यांनी अशी दिली की ती दचकली आणि मग हसत हसत खाली उतरली. शंभर टक्के उपस्थितीला काका उभे राहिले, तर त्यांच्याबरोबर अख्खी रांग उभी राहिली. का उभे राहिलो ते त्यांना कोणालाही माहीत नव्हतं! तळहात लाल झाले होते. मी हळूच म्हटलं, "काका, जपून." ते म्हणाले, "शिल्लक आहे."

मग विषयवार पहिले. मराठी झालं. विज्ञान झालं. मला पायऱ्यांपाशी येऊन थांबायला सांगितलं.

"गणित. प्रथम क्रमांक. कुमारी स्वाती..."

मी पायरीकडे बघितलं नाही. समोर बघितलं. स्वातीने माझा हात धरला होता आणि तिचा हात माझ्यापेक्षा गार होता. मोठ्या बाईंनी प्रमाणपत्र दिलं, मी उजव्या हाताने घेतलं. फोटोवाला थांबा म्हणाला नाही, तरी मी थांबले. हॉल वाजत होता. किती वाजत होता! सगळ्यांच्या टाळ्या ऐकू येत होत्या आणि मी त्या सगळ्यांतून एकच आवाज शोधत होते. तो आवाज चुकणं शक्य नव्हतं.

तो आला नाही.

मी त्यांच्या खुर्चीकडे बघितलं. काका उभे होते. रुमाल खाली पडला होता. दोन्ही हात बाजूला सुटून लोंबत होते, जसे काही ते त्यांचे नव्हतेच. तोंड किंचित उघडं. ते आमच्याकडे बघत होते, नुसते बघत होते, आजूबाजूला सगळे वाजवत असताना. मग पुढचं नाव पुकारलं. आम्ही उतरलो. काका तसेच उभे होते, मागच्यांनी सांगितल्यावर बसले.

कार्यक्रम संपल्यावर स्वाती मैत्रिणींबरोबर फोटो काढायला थांबली. प्रमाणपत्र माझ्याकडे दिलं. मी आणि काका चालत परत निघालो. ते पाहुण्यांच्या भाषणावर काहीबाही बोलले. माईक खरखरत होता म्हणाले.

चौकात आलो, तर गाड्यांची ही रांग. आम्ही कडेला उभे राहिलो.

"ताई," काका म्हणाले, "मी वाजवली ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"म्हणजे काय," मी म्हणाले. "स्टेजवर ऐकू आली."

"स्वातीला?"

"तिलाही."

"मोठी होती?"

"सगळ्यांत मोठी, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. "मला काही आठवेना. नाव ऐकलं तेवढं आठवतं, आणि मग एकदम तुम्ही दोघी खाली उतरताना दिसलात."

मी प्रमाणपत्र त्यांच्यापुढे केलं. त्यांनी हात आधी शर्टाला पुसले, मग ते घेतलं, दोन्ही हातांनी, छातीसमोर आडवं धरून. आणि तसेच, डावी-उजवीकडे न बघता, रस्त्यात उतरले. मी ओरडणार होते. पण एक रिक्षा थांबली, तिच्या मागे स्कूटर थांबली, मग सगळेच थांबले. काका प्रमाणपत्र धरून मधून चालत गेले आणि पुण्यात कोणीही हॉर्न वाजवला नाही.